पाण्यातली चव (गीता ७.८)



आजच्या चिंतनासाठी सातव्या अध्यायातला आठवा श्लोक घेतलाय. पाठ असेल तर आधी एकदा म्हणून घ्या, नसेल तर पुस्तक उघडून सावकाश वाचा. अर्थ सोपा आहे. भगवंत अर्जुनाला सांगतात की पाण्यातली चव मी आहे, चंद्र-सूर्यातलं तेज मी आहे, सगळ्या वेदांतला ओंकार मी, आकाशातला शब्द मी आणि माणसातला पुरुषार्थही मीच.

आज आपण फक्त पहिल्या तुकड्यावर थांबणार आहोत. पाण्यातली चव. पुढच्या गोष्टींकडे धावायचं नाही.

हा तुकडा निवडायला एक कारण झालं. आमच्या रविवारच्या गीता-अभ्यासात एका ताईंनी विचारलं, "दादा, मला सकाळचा चहा मनापासून आवडतो. गॅलरीत बसून, एकटीनं, आलं घातलेला. पण पाचवा अध्याय वाचला आणि वाटलं, ही पण आसक्तीच ना? मग त्या चहाचा आनंद घ्यायचा की नाही?" सगळे हसले. त्याही हसल्या. पण प्रश्न खरा होता. आपल्यातल्या अनेकांच्या मनात तो असतोच. नोकरी, ट्रॅफिक, ईएमआय यांच्या मधल्या फटीत जो थोडासा आनंद मिळतो, तो भक्तीच्या आड येतो का? भक्त व्हायचं म्हणजे तोही सोडायचा का?

श्लोक कुठे येतो ते आधी बघू

याच्या अगदी आधीच्या श्लोकात भगवंत म्हणतात की दोऱ्यात मणी ओवलेले असावेत तसं हे सगळं जग माझ्यात ओवलेलं आहे. आता माळ डोळ्यासमोर आणा. मणी दिसतात, दोरा दिसत नाही. साहजिकच अर्जुनाच्या मनात येणार, की देवा, दोरा आहे हे कबूल, पण तो मला कुठे सापडेल? आठव्या श्लोकापासून त्याचं उत्तर सुरू होतं, आणि यादीतली पहिली नोंद आहे पाण्याची चव. सूर्य-चंद्र दुसऱ्या नंबरवर, वेदांतला ओंकार तिसऱ्या.

याची तुलना दहाव्या अध्यायाशी करून बघा. तिथे विभूती सांगितल्या आहेत. स्थिर गोष्टींमध्ये हिमालय, नद्यांमध्ये गंगा, झाडांमध्ये पिंपळ, हत्तींमध्ये ऐरावत, महिन्यांमध्ये मार्गशीर्ष. म्हणजे प्रत्येक वर्गातला पहिला नंबर. सातव्या अध्यायात तसं नाही. इथे गंगेच्या पाण्याची चव असं म्हटलेलं नाही. नुसतं पाणी. विहिरीचं, नळाचं, टँकरचं, ऑफिसच्या कूलरमधलं, एसटी स्टँडवर विकत घेतलेल्या बाटलीतलं. हिमालय बघायला रजा टाकावी लागते. पाण्याला रजा लागत नाही.

मला हे फार दिलासा देणारं वाटतं. आपल्याला अनुभव मोठाच हवा असतो. वारीला जाऊन आलो, चारधाम केलं, ध्यानात काही दिसलं, तरच काहीतरी घडलं असं वाटतं. ते सगळं चांगलंच आहे. पण भगवंतांनी यादीची सुरुवात मात्र अशा गोष्टीनं केली जी प्रत्येक माणसाला दिवसातून आठ-दहा वेळा भेटते.

रस म्हणजे नेमकं काय?

श्लोकात शब्द आहे रस. आपल्या परंपरेत पाच महाभूतं आणि त्यांचे पाच गुण सांगितले आहेत. आकाशाचा शब्द, वायूचा स्पर्श, अग्नीचं रूप, पाण्याचा रस आणि पृथ्वीचा गंध. चव हा पाण्याचा गुण का म्हणे? शाळेत तर आपण शिकलो की शुद्ध पाण्याला चव नसते!

इंजिनिअर असल्यामुळे मी यावर थोडा वेळ घालवला. जिभेला चव कळण्यासाठी पदार्थ आधी विरघळावा लागतो. जीभ रुमालानं पुसून कोरडी केली आणि त्यावर साखरेचा दाणा ठेवला, तर लगेच काहीच कळत नाही. लाळ सुटली, दाणा विरघळायला लागला, की गोडी येते. म्हणजे आंबा असो, मीठ असो की कारलं, प्रत्येक चव आपल्यापर्यंत पाण्यात बसूनच येते. पाणी नसेल तर जिभेला सगळं जग मुकं. चव पाण्याच्या खात्यात टाकणाऱ्यांचं निरीक्षण किती बारीक असेल!

आणि पिण्याच्या पाण्यालाही चव असतेच. त्यात विरघळलेले क्षार आणि हवा यांची ती चव असते. पाणी उकळून गार केलं की सपक लागतं, कारण उकळताना त्यातली हवा निघून जाते. माठातलं पाणी वेगळं लागतं. माठाच्या अंगातून पाणी हळूहळू झिरपतं, बाहेर त्याची वाफ होते, आणि वाफ होताना ती आतली उष्णता घेऊन जाते. वीज नाही, आवाज नाही. आमच्या घरी उन्हाळ्यात माठात वाळ्याची जुडी टाकतात. बाहेरून ४० डिग्रीतून आल्यावर त्या पाण्याचा पहिला घोट आत जातो, तेव्हा आपल्या तोंडून आपोआप "आहाहा" निघतं.

आजचा अभ्यास त्या "आहाहा"वरच आहे. शंकराचार्यांनी या श्लोकावर लिहिताना म्हटलंय की रस म्हणजे पाण्याचं सार, आणि त्या साररूपी भगवंतात पाणी ओवलेलं आहे. तैत्तिरीय उपनिषदातही ब्रह्माला रस म्हटलेलं आहे, आणि तो मिळाला की जीव आनंदी होतो असं सांगितलंय. म्हणजे तो "आहाहा" तुमचा-माझा खाजगी मामला नाही. दोरा तिथे हाताला लागतो.

मग पाचवा अध्याय काय म्हणतो?

आता ताईंच्या प्रश्नाकडे येऊ. पाचव्या अध्यायातल्या बाविसाव्या श्लोकात भगवंत स्पष्ट सांगतात की इंद्रिय आणि विषय यांच्या संपर्कातून येणारे भोग दुःखाला जन्म देतात. त्यांना सुरुवात आहे आणि शेवट आहे, म्हणून शहाणा माणूस त्यांत रमत नाही. हे विधान मऊ करून चालणार नाही. गीतेला जे म्हणायचं आहे ते तिला म्हणू द्यावं.

पण त्याच गीतेत दुसऱ्या अध्यायाचा चौसष्टावा श्लोक आहे. तिथे म्हटलंय की आवड-नावडीच्या ओढीतून सुटलेल्या आणि आपल्या ताब्यात असलेल्या इंद्रियांनी जो विषयांमध्ये वावरतो, त्याला प्रसाद मिळतो. नीट बघा, विषय सोडून पळालेल्याला असं म्हटलेलं नाही. विषयांमध्ये वावरणाऱ्याला. आणि शब्द वापरलाय प्रसाद. इथे त्याचा अर्थ मनाची प्रसन्नता. पण आपल्या मराठी कानाला लगेच हातावर पडलेला शिरा आठवतो, आणि तेही चुकीचं नाही.

शिरा तोच असतो. घरी डब्यात भरला तर नाश्ता. देवापुढे ठेवला, तुळशीपत्र वाहिलं, पाणी फिरवलं, की प्रसाद. रवा, तूप, साखर, सगळं सारखंच. बदललं ते एकच. "हे माझं" ऐवजी "हे तुझं, मला तू दिलंस" असं झालं. प्रसाद घेताना कोणी दुसरी वाटी मागत नाही, आणि चिमूटभर मिळाला म्हणून चिडतही नाही. भोग आणि प्रसाद यांच्यातला फरक मला यापेक्षा सोप्या शब्दांत सांगता येणार नाही.

म्हणून पाचवा अध्याय आणि सातवा अध्याय भांडत नाहीत. पाचवा सांगतो की चव पकडून ठेवायला जाशील तर दुःख होईल. सातवा सांगतो की चवीत मी आहे, मला ओळख. पकडायचं नाही, ओळखायचं.

आमच्या भाषेत सांगतो. प्रोग्रॅममध्ये इव्हेंट घडतो, पण तो ऐकणारा लिसनरच जोडलेला नसेल तर काहीच होत नाही. इव्हेंट खोटा नसतो, ऐकणारं कोणी नसतं. दिवसभरात असे किती इव्हेंट होऊन जातात. तव्यावरची भाकरी टम्म फुगते. दमून आल्यावर गरम वरणभातावर तूप आणि लिंबू पडतं. सिग्नलला गजरेवाल्या मावशी बाजूनं जातात आणि हेल्मेटच्या आत मोगरा शिरतो. रात्री उशिरापर्यंत अडकलेला बिल्ड एकदाचा हिरवा होतो. बसमध्ये खिडकीची जागा मिळते. प्रत्येक ठिकाणी तो "मी आहे" म्हणतोय. नामस्मरण म्हणजे तो लिसनर जोडून ठेवणं.

पुढचाच श्लोक, म्हणजे नववा, पृथ्वीतला शुद्ध गंध मी आहे असं सांगतो. जूनमधल्या पहिल्या पावसाचा वास आठवा. त्या वासाला इंग्रजीत पेट्रिकोर हे नाव १९६४ साली इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी दिलं. मातीतले सूक्ष्म जीव जिओस्मिन नावाचं एक द्रव्य तयार करतात, त्याचा त्यात मोठा वाटा असतो, आणि माणसाच्या नाकाला ते अगदी नगण्य प्रमाणातही ओळखू येतं. नाव नवीन आहे. नाक मात्र पहिल्यापासूनच तयार ठेवलेलं होतं.

स्वतःला विचारायचे तीन प्रश्न

एखादं सुख भोगाकडे चाललंय की प्रसादाकडे, हे ओळखायला मी गीतेतूनच तीन प्रश्न काढले आहेत. तुम्हीही वापरून बघा.

पहिला: हे सुख संपलं की मी शांतपणे उठतो का? चहाचा कप रिकामा होतो आणि आपण उठतो. त्याला शेवट आहे आणि तो दिसतो. पण फोनवर रील्स बघताना शेवट दिसतच नाही. खाली सरकवत राहिलं की पान संपतच नाही, ही रचना २००६ साली अझा रास्किन या डिझाइनरनं केली, आणि पुढे त्यानं स्वतःच त्याबद्दल खंत व्यक्त केली. पाचवा अध्याय सांगतो की भोगाला शेवट असतो. आमच्या क्षेत्रानं तो शेवट लपवायची युक्ती काढली. अठराव्या अध्यायात राजस सुखाचं वर्णन आहे, आधी अमृतासारखं आणि परिणामी विषासारखं. रात्री दीडला फोन बाजूला ठेवताना ते वर्णन पटतं.

दुसरा: हे सुख घेताना मी इथे आहे का? तोंडात घास, डोळे स्क्रीनवर आणि मन उद्याच्या मीटिंगमध्ये असेल, तर चव येते आणि जाते, भेट होत नाही. आनंद घेणं वेगळं आणि नुसतं उरकणं वेगळं.

तिसरा: हे सुख वाटावंसं वाटतं का? तिसऱ्या अध्यायात म्हटलंय की जे फक्त स्वतःसाठी शिजवतात ते पाप खातात. शब्द कडक आहेत. पण घरात पहिला हापूस कापला की आई आधी देवापुढे एक फोड ठेवते, मग शेजारच्या काकूंकडे वाटी जाते, मग आपण. त्या आंब्याची गोडी त्यामुळे कमी झालेली मला तरी कधी कळली नाही.

ताईंच्या चहाला तिन्ही प्रश्नांवर पूर्ण गुण आहेत. तो कप संपतो, त्या तिथेच असतात, आणि त्यांनी आम्हा सगळ्यांना चहाला बोलावलंय.

घरातलं एक लिटर

इथपर्यंत लिहून थांबलो असतो तर हे चिंतन छान, गोड झालं असतं. पण या श्लोकानं मला एका वेगळ्या जागी आणून उभं केलंय, आणि ती जागा टाळून पुढे जाता येत नाही.

माझ्या बाबांच्या किडन्या निकामी झाल्या आहेत. आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक वेळी साधारण चार तास त्यांचं डायलिसिस चालतं. शरीरातलं पाणी बाहेर पडत नाही, म्हणून पिण्यावर बंधन आहे. त्यांना डॉक्टरांनी दिवसाला १ लिटर सांगितलंय. त्यात चहा आला, आमटी आली, ताक आलं, गोळ्यांबरोबरचं पाणी आलं. शहाळं बंद, कारण त्यात पोटॅशियम जास्त. मीठ कमी, कारण मिठानं तहान वाढते. प्रत्येक डायलिसिसच्या आधी वजन करतात. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे चोरून प्यायलेलं पाणी काट्यावर दिसतं!

सकाळी आई एक लिटरची बाटली भरते. ते चहा किंवा आमटी जेवढी घेतील, तेवढं पाणी त्या बाटलीतून काढून झाडाला घालायचं. बाटलीत उरलं ते त्यांचं. फ्रीजमध्ये छोट्या ट्रेमध्ये थोडं पाणी बर्फ करून ठेवतो, कारण एक खडा तोंडात धरला की घोटभर पाण्यापेक्षा जास्त वेळ तोंड ओलं राहतं. मे महिन्यात दुपारी तीन वाजता बाटलीत चार बोटं पाणी उरलेलं असतं आणि रात्र लांब असते.

आता सांगा, पाण्यातली चव मी आहे, हा श्लोक या घरात कसा वाचायचा? ज्याला पाणीच मोजून मिळतं त्याला देवही मोजूनच मिळणार का?

हा प्रश्न मी बाबांनाच विचारला. ते निवृत्त शिक्षक आहेत, गीता त्यांना माझ्यापेक्षा कितीतरी जास्त येते. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अरे, श्लोकात पाणी मी आहे असं कुठे म्हटलंय? चव मी आहे म्हटलंय. चव काय, पहिल्या घोटातच असते. तांब्याभर प्यायलास तरी बाकीचं सगळं पोट भरणं." आणि पुढे म्हणाले, "अडुसष्ट वर्षं पाणी प्यायलो रे. पण पाण्याला इतकी चव असते हे आत्ता कळतंय."

हे वाचून कोणी असं समजू नका की बाबा सदैव शांत असतात. तसं नाही. काही रात्री ते चिडतात. आईवर चिडतात, बाटलीवर चिडतात. एकदा म्हणाले, "मला तुमची गीता नको, पाणी द्या." आईनं एक बर्फाचा खडा दिला आणि त्यांचा हात धरून बसून राहिली. तहान ही तहानच असते, तिला अध्यात्माचं गोंडस नाव देऊ नये. दुसऱ्या अध्यायात भगवंत सुख-दुःखं येतात आणि जातात, ती सहन कर असं सांगतात. सहन करायला सांगितलं, म्हणजे त्यांनाही ठाऊक आहे की दुखतं.

साधी अक्षरं, जोडाक्षरं

या ठिकाणी मला विनोबांनी हात दिला. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी कैद्यांसमोर गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते लिहून घेत. त्यांतून आपल्याला गीताप्रवचने मिळाली. दहाव्या अध्यायावर बोलताना त्यांनी एक शाळेतली युक्ती सांगितली आहे. मुलाला आधी मोठी आणि सोपी अक्षरं शिकवतात, जोडाक्षरं नंतर. देव वाचायलाही तसंच शिकायचं. आधी जिथे तो सहज दिसतो तिथे, मग जिथे वाचायला अवघड जातो तिथे.

माठातलं पाणी, मोगरा, आईच्या हातचा वरणभात ही साधी अक्षरं आहेत. डायलिसिसचा वॉर्ड हे जोडाक्षर आहे.

मी तिथे बाबांच्या बाजूला लॅपटॉप घेऊन बसतो. त्या मशीनचं गणित एकदा समजून घेतलं. पडद्याच्या एका बाजूनं रक्त वाहतं, दुसऱ्या बाजूनं शुद्ध पाण्यात बनवलेलं द्रावण, साधारणपणे मिनिटाला ५०० मिलिलिटर. म्हणजे तासाला ३० लिटर आणि चार तासांत १२० लिटर. ज्या माणसाला दिवसभरात एकच लिटर प्यायला मिळतं, त्याच्या रक्ताशेजारून १२० लिटर पाणी वाहून जातं आणि त्याला पुढचे दोन दिवस देऊन जातं. जिभेला भेटणारा आणि पडद्यापलीकडून वाहणारा, दोन्ही एकच. एका ठिकाणी तो चव होऊन येतो, दुसऱ्या ठिकाणी सेवा करून निघून जातो, आपल्याला त्याची चवही कळत नाही.

आता माझ्यापुरतं एक स्पष्ट झालंय. साधी अक्षरं गिरवलेली नसती तर हे जोडाक्षर मला वाचता आलंच नसतं. म्हणून छोटे आनंद फालतू नाहीत. ते बाराखडी आहेत. चांगल्या दिवसांत चहात, पावसात, भाकरीत त्याला ओळखायची सवय लागली, तर अवघड दिवशी निदान अक्षर ओळखीचं वाटतं. सुखात ज्याची ओळखच करून घेतली नाही, त्याला दुःखात कुठे शोधणार?

आपल्या संतांनी हेच केलं. अरणच्या सावता महाराजांना त्यांच्या मळ्यातल्या भाजीत विठाई दिसली. तेरच्या गोरोबांची माती आणि जनाबाईंचं जातं आपल्याला माहीत आहेच. कामाच्या वस्तूच त्यांची अक्षरं झाली.

तीन घोट प्यायचे, चौथा सोडायचा

पूजेच्या सुरुवातीला आपण आचमन करतो. केशव, नारायण, माधव या तीन नावांनी पळीभर पाणी तळहातावर घेऊन प्यायचं, आणि चौथ्या गोविंद नावाला ते ताम्हनात सोडायचं. पाणी किती घ्यायचं? उडदाचा दाणा बुडेल एवढंच, असं जुने लोक सांगतात. लहानपणापासून करतोय, पण यात काय दडलंय ते बाबांकडे बघून कळलं.

बाबा आता दिवसभराचं पाणी छोट्या फुलपात्रातून पितात, आणि पिताना हीच नावं घेतात. केशव म्हणून एक घोट, थांबतात. नारायण म्हणून दुसरा, थांबतात. माधव. मग फुलपात्र खाली ठेवतात. मी विचारलं, "आणि गोविंद?" तर हसून म्हणाले, "तो डॉक्टरांनी सोडायला लावलाय."

मंडळी, मला वाटतं छोट्या आनंदांचा सगळा धर्म या चार नावांत आहे. तीन घोट मनापासून घ्यायचे, नाव घेऊन, चव ओळखून. त्यात अपराधी वाटून घ्यायचं नाही, देणाऱ्याला तो घोट आवडीनं घेतलेला बघायचाय. आणि चौथा सोडून द्यायचा. आणखी हवं म्हणून धरायचं नाही. नुसतंच पीत राहिलो तर तो भोग. नुसतंच सोडत राहिलो तर त्यानं प्रेमानं दिलेल्याचा अपमान. घेणं आणि सोडणं एका पाठोपाठ आलं की आचमन होतं, आणि आचमन झालं की पुढची पूजा सुरू करता येते. पूजा म्हणजे तुमचा पूर्ण दिवस.

आजचा अभ्यास

१. आज दिवसभरात एक पेला पाणी बसून प्या. फोन हातात नको. पहिला घोट तोंडात थोडा धरा. मनात तुमचं आवडतं नाव घ्या. पुढचे दोन घोटही तसेच.

२. रात्री झोपण्याआधी आजची तीन साधी अक्षरं वहीत लिहा. तुमच्या शब्दांत, एकेका ओळीत. "लिफ्टमध्ये शेजारच्या बाळानं बोट धरलं" एवढं पुरे.

३. त्यातलं एक कोणालातरी द्या. चहा करून द्या, खिडकीची जागा द्या, घरच्या मोठ्या माणसाला पाच मिनिटं द्या.

४. घरात, ओळखीत कोणी आजारी असेल तर त्याच्याजवळ जाऊन बसा. श्लोक ऐकवायची घाई करू नका. तिथलं अक्षर आधी स्वतः वाचा.

उद्या सातव्या अध्यायाचा नववा श्लोक घेऊ, मातीच्या वासाचा.

देवा, आज माझ्या पेल्यात जेवढं पाणी आहे तेवढ्यात तू पुरा आहेस. ते पिताना मला तुझी आठवण राहू दे. पेला खाली ठेवताना हात जड होऊ देऊ नकोस. आणि ज्याची तहान आज भागत नाहीये, त्याच्याजवळ तू बस, मलाही बसव.

राम कृष्ण हरी.